सलग ७१४: पूलच्या टेबलावरची लांब खेळी कशी टिकते

१९ मार्च १९५४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, स्प्रिंगफील्ड इथे विली मोस्कोनीने एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. हा आकडा ६५ वर्षं टिकला. २७ मे २०१९ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे जॉन श्मिटने ६२६ केले. मग जानेवारी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉने ७१४.

हे आकडे ‘स्ट्रेट पूल’ या प्रकारातले आहेत. आपल्याकडच्या पूल पार्लरमध्ये एट-बॉल आणि नाइन-बॉलच जास्त चालतं, म्हणून आधी नियम सांगतो. टेबलावर १५ रंगीत चेंडू. कोणताही चेंडू कोणत्याही पॉकेटमध्ये घातलेला चालतो, पण कोणता आणि कुठे हे आधी बोलावं लागतं. प्रत्येक चेंडूला एक गुण. १४ गेले की खेळ थांबतो. ते १४ पुन्हा त्रिकोणात लावतात, मात्र टोकाची जागा रिकामी ठेवतात. उरलेला पंधरावा चेंडू आणि पांढरा चेंडू जिथे असतील तिथेच राहतात. आता खेळाडूने तो पंधरावा पॉट करायचा आणि त्याच फटक्यात पांढऱ्या चेंडूने त्रिकोणही फोडायचा. १४ घालायचे, १ राखायचा, म्हणून या प्रकाराला १४.१ असंही म्हणतात. ७१४ म्हणजे चौदाच्या हिशेबाने बरोबर ५१ रॅक.

एवढ्या लांब खेळीची चित्रफीत पाहायला बसलात तर पहिल्या दहा मिनिटांत निराशा होईल. डोळे दिपवणारा फटका दिसतच नाही. प्रत्येक चेंडू जवळचा, सरळ, कुणीही घालेल असा. खेळाडूची सगळी मेहनत पुढचा चेंडूही असाच सोपा मिळावा यासाठी चाललेली असते. यामागे साधी भूमिती आहे.

पूलच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिमी असतो. क्यूच्या नेमात ०.१ अंशाची चूक झाली असं धरा. पांढरा चेंडू तेवढाच चुकतो, पण ज्याला तो लागतो तो चेंडू कितीतरी जास्त चुकतो. समोरासमोरच्या फटक्यात ही चूक किती पट होते ते असं काढता येतं: दोन्ही चेंडूंच्या केंद्रांमधलं अंतर भागिले चेंडूचा व्यास, आणि त्यातून एक वजा. अंतर ३० सेंमी असेल तर चूक सुमारे सव्वाचार पट होते, १.२ मीटर असेल तर २० पट. पॉकेट तिथून पुढे आणखी एक मीटरवर आहे असं समजू. पहिल्या बाबतीत चेंडू पॉकेटच्या मध्यापासून सुमारे ७ मिमी सरकतो, दुसऱ्या बाबतीत ३५ मिमी. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच, म्हणजे ११४ मिमी धरलं, तर चेंडूला दोन्ही बाजूंना साधारण २८ मिमी मोकळीक मिळते. तोच हात आणि तीच चूक, पण एक चेंडू जातो आणि दुसरा जबड्यावर आपटून परत येतो. चेंडू समोरासमोर न लागता कडेला लागला की त्याला काप म्हणतात. काप जितका पातळ तितकी ही चूक आणखी वाढते. ६० अंशांच्या कापाला ती सरळ फटक्याच्या दुपटीच्या घरात जाते.

म्हणून पांढरा चेंडू पुढच्या चेंडूपासून अर्ध्या मीटरच्या आत थांबवायचा असतो, तोही कमीत कमी फिरवून. तो किती फिरेल ते मुख्यतः फिरकीवर ठरतं. आदळताना पांढरा चेंडू नुसता सरकत असेल, त्याला पुढची-मागची फिरकी नसेल, तर टक्करीनंतर दोन्ही चेंडूंच्या वाटांमध्ये ९० अंशांचा कोन होतो. हा स्टन. तो गडगडत आला असेल, तर मध्यम जाडीच्या बहुतेक फटक्यांत आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. मध्याखाली मारून उलटी फिरकी दिली की स्क्रू, आणि चेंडू मागे येतो. अनुभवी खेळाडू बहुतांश फटके याच तिघांवर भागवतो. बाजूची फिरकी, म्हणजे साइड, तो हात राखून वापरतो, कारण साइडने पांढऱ्याची वाटच किंचित ढळते आणि नेम बदलून धरावा लागतो.

खरी परीक्षा रॅकच्या शेवटी होते. पंधरावा चेंडू कुठेही उरून चालत नाही. तो त्रिकोणाच्या जागेबाहेर, पण तिच्या कडेला हवा. म्हणजे तो घालताना पांढरा त्रिकोणाच्या बाजूवर आदळेल. या चेंडूला ब्रेक बॉल म्हणतात. त्याच्या आधीचा चौदावा म्हणजे की बॉल. तो घातल्यावर पांढरा ब्रेक बॉलसाठी योग्य कोनात थांबला पाहिजे. मधल्या पॉकेटजवळचा सरळ चेंडू यासाठी उत्तम. तो स्टनने घातला की पांढरा जागच्या जागी थांबतो आणि अंदाजाचा प्रश्नच राहत नाही. कसलेले खेळाडू ही जोडी शेवटचे दोन-तीन उरल्यावर शोधत नाहीत. रॅक फुटल्याबरोबर त्यांची नजर ब्रेक बॉलवर जाते, आणि तो चुकून हलू नये म्हणून बाकीच्यांचा क्रम ठरतो. आधी एकमेकांना चिकटलेले चेंडू सोडवायचे, कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, टेकलेले घालायचे, कोपऱ्यांकडच्या वाटा मोकळ्या करायच्या. सोपे सुटे चेंडू मुद्दाम मागे ठेवायचे. नवखा माणूस नेमकं उलट करतो. सोपे आधी उडवतो आणि शेवटी चार कठीण घेऊन बसतो.

ब्रेकचा कोन का महत्त्वाचा, तेही आकड्यांत पाहू. स्टनच्या फटक्यात कापाचा कोन ३० अंश असेल तर टक्करीनंतर पांढऱ्याकडे मूळ वेगाच्या निम्मा वेग उरतो, म्हणजे ऊर्जा पाव. कोन १५ अंश असेल तर वेग सुमारे २६ टक्के आणि ऊर्जा अवघी ७ टक्के. एवढ्यात चौदा चेंडूंचा घट्ट त्रिकोण हलतो, फुटत नाही. मग भरपाई म्हणून खेळाडू जोरात मारतो आणि ब्रेक बॉलच चुकवतो. कोन फार मोठा घेतला, तर पांढऱ्याकडे भरपूर वेग राहतो, पण काप पातळ होतो आणि पॉट करणंच अवघड. साधारण ३० अंशांच्या आसपासचा कोन ही या ओढाताणीतली सोयीची जागा आहे.

त्रिकोणावर आदळल्यावर पांढरा तिथेच गर्दीत अडकला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून ब्रेकच्या फटक्याला बहुतेक वेळा भरपूर पुढची किंवा मागची फिरकी देतात. पहिल्या आघातात वेग संपला तरी चेंडू कापडावर फिरत असतो आणि ती फिरकी त्याला गर्दीतून बाहेर ओढते.

आता एक हिशेब. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुणा खेळाडूचे मोजलेले नाहीत. प्रत्येक रॅकमध्ये १३ सोपे फटके, प्रत्येकी ९९.९ टक्के खात्रीचे, आणि एक ब्रेकचा फटका, पुढे खेळता येईल अशा स्थितीसकट ९३ टक्के खात्रीचा. सलग ५१ रॅक पार पडण्याची शक्यता निघते ७९ प्रयत्नांत एक. सोपे फटके अगदी १०० टक्के केले तर ती ४० प्रयत्नांत एक होते. त्याऐवजी नुसता ब्रेक ९३ वरून ९६ वर नेला, तर १६ प्रयत्नांत एक. तासन् तास सुटे चेंडू घालत बसण्यापेक्षा ब्रेक बॉल मांडून तोच फटका पुन्हा पुन्हा मारणं जास्त फळतं, ते यामुळे. सराव करायचा तर त्रिकोणाची बाहेरची कड कापडावर पेन्सिलीने हलकी आखून घ्या. ब्रेक बॉल कडेपासून दर वेळी तितक्याच अंतरावर ठेवा, आणि पांढरा त्रिकोणावर कुठे लागला याचीही नोंद ठेवा, चेंडू गेला की नाही एवढीच नको.

याच गणितातून विक्रमांची तुलना किती निसरडी आहे तेही कळतं. दर चेंडूला सरासरी ९९ टक्के खात्री धरली, तर ५२६ ची शक्यता साधारण २०० प्रयत्नांत एक, ६२६ ची ५४० मध्ये एक, आणि ७१४ ची १,३०० मध्ये एक. प्रयत्न किती झाले याला मोठी किंमत आहे. मोस्कोनीची खेळी गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांपैकी एका संध्याकाळी, प्रेक्षकांसमोर झाली, पण ८ फुटी टेबलावर. श्मिटने ९ फुटी टेबलावर खेळून विक्रम केला, पण विक्रमासाठीच कॅमेरा लावून, महिनोन् महिने प्रयत्न करत. लहान टेबलावर अंतरं कमी, म्हणून चूक कमी पटीने वाढते, पण चेंडूंची गर्दी जास्त होते. दोघांना एका तराजूत घालण्याचा हट्ट न धरलेला बरा. स्पर्धेतल्या सामन्यांत तर हे आकडे दिसणारच नाहीत. तिथे डाव बहुधा १२५ किंवा १५० गुणांना संपतो.

सामग्रीही घात करते. दोन चेंडू टेकतात त्या क्षणी त्यांच्यातलं घर्षण लक्ष्य-चेंडूला थोडं बाजूला ढकलतं. संथ, फिरकीविना मारलेल्या फटक्यात हा ढकला जास्त. नेमक्या टेकण्याच्या जागी चॉकचा कण आला तर घर्षण एकदम वाढतं, चेंडू दचकल्यासारखा उडतो आणि सोपा पॉट चुकतो. खेळाडू याला किक म्हणतात. उपाय साधा: दर रॅकला चेंडू स्वच्छ मऊ कापडाने पुसायचे, आणि चॉक लावल्यावर क्यूची टीप टेबलावर झटकायची नाही. रॅक लावताना चेंडूंमध्ये फट राहिली तर त्रिकोण नीट फुटत नाही, ऊर्जा फटीतच जिरते. हवेतल्या ओलाव्यानेही कापड जड होतं आणि कुशनची उसळी बदलते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे सहज जाणवतं. व्यावसायिक स्नूकरमध्ये टेबलाच्या पाटीखाली उष्णता देण्याची सोय असते, ती याच कारणासाठी.

स्ट्रेट पूलला वरची मर्यादा नाही. स्नूकरला आहे: १५ लाल, प्रत्येकाचा एक गुण, आणि प्रत्येकामागे सात गुणांचा काळा, म्हणजे १२०, आणि वर सहा रंगांचे २७, मिळून १४७. आधी प्रतिस्पर्ध्याचा फाउल होऊन फ्री बॉल, म्हणजे एक रंगीत चेंडू लाल समजून घालायची मुभा, मिळाली तरच १५५ पर्यंत जाता येतं. त्यामुळे तिथे विक्रम वेळेचा होतो. रॉनी ओ’सलिव्हनने १९९७ च्या जागतिक स्पर्धेत ५ मिनिटं ८ सेकंदांत १४७ केले. छत्तीस फटके, दर फटक्याला साडेआठ सेकंद.

इंग्लिश बिलियर्ड्सची कथा सगळ्यांत मजेशीर आहे, कारण तिथे नियम करणारे विक्रमवीरांच्या मागे धावत राहिले. १८९० मध्ये विल्यम पीलने एकाच ठिपक्यावरून लाल चेंडू पुन्हा पुन्हा घालत ३,३०४ केले. पुढे त्या फटक्याला बंदी आली. १९०७ मध्ये टॉम रीसने दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकवून ठेवले आणि तिसऱ्याने त्यांना हळूच टेकत राहिला. पाच आठवडे, सुमारे ८६ तास, जवळपास अडीच लाख कॅनन (एका फटक्यात आपला चेंडू बाकीच्या दोन्ही चेंडूंना लागणं), एकूण ४,९९,१३५ गुण. प्रेक्षक आणि वार्ताहर पूर्ण वेळ हजर नव्हते, म्हणून याला अधिकृत मान्यता मिळाली नाही, आणि ती युक्तीही बंद झाली. जॉर्ज ग्रेने १९११ मध्ये २,१९६ केले ते मुख्यतः लाल चेंडूवरून इन-ऑफ मारून, म्हणजे लालला लागून आपलाच चेंडू पॉकेटमध्ये घालून. कालांतराने सलग इन-ऑफवर मर्यादा आली.

मग आला ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम. जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये त्याने जो डेव्हिसविरुद्ध ४,१३७ केले, पावणेतीन तासांहून थोड्या जास्त वेळात. त्याचं हत्यार होतं नर्सरी कॅनन. तिन्ही चेंडू कुशनजवळ मुठीएवढ्या जागेत गोळा करायचे आणि प्रत्येक कॅननला त्यांना जेमतेम काही मिलिमीटर पुढे सरकवायचं. जोर किंचित जास्त झाला की घडी विस्कटते. किंचित कमी झाला तर चेंडू एकमेकांना झाकतात. यावर उतारा म्हणून बॉकलाइनचा नियम आला: खेळी चालू असताना ठरावीक गुणांमागे पांढऱ्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाजवळची आडवी रेषा, म्हणजे बॉकलाइन, ओलांडलीच पाहिजे.

भारताची नावं या खेळात ठळक आहेत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी जगज्जेते झाले. मुंबईच्या मायकल फरेरांनी १९७८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत १,१४९ ची खेळी केली, आणि हौशी खेळाडूंमध्ये हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले. गीत सेठींनी १९९२ मध्ये मुंबईतल्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १,२७६ केले. पुढे २०१४ मध्ये पीटर गिलख्रिस्टने न्यूझीलंडमध्ये १,३४६ गाठले.

लिंड्रमच्या ४,१३७ पुढे हे आकडे लहान वाटतील. पण आजच्या नियमात चालू खेळीच्या प्रत्येक शंभरात ८० ते ९९ गुणांच्या दरम्यान बॉकलाइन ओलांडावी लागते. म्हणजे १,३४६ मध्ये तेरा वेळा जमवलेली घडी स्वतःच्या हाताने मोडायची, पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचा आणि तिथून परत येऊन तिन्ही चेंडू पुन्हा एकत्र आणायचे. स्ट्रेट पूलच्या खेळाडूला दर चौदा चेंडूंनी जो प्रश्न पडतो तोच इथे दर शंभर गुणांनी पडतो, आणि बहुतेक लांब खेळ्या याच ओलांडण्याच्या आगेमागे तुटतात.