घोडे कुठे पेंड खाते : पानमुनजोमची दोन वर्षे

कोरियातल्या शस्त्रसंधीची बोलणी १० जुलै १९५१ रोजी सुरू झाली आणि सह्या झाल्या २७ जुलै १९५३ रोजी. मध्ये १५८ बैठका झाल्या आणि लढाईही चालूच राहिली. या युद्धात अमेरिकेचे जेवढे सैनिक मेले वा जखमी झाले, त्यांतले सुमारे ४५ टक्के बोलणी सुरू झाल्यानंतरचे आहेत. दोन्ही बाजूंना युद्ध आवरायचे होते, तरी दोन वर्षे का लागली?

पहिली अडचण जागेची. एका बाजूला अमेरिकेच्या नेतृत्वाखालचे संयुक्त राष्ट्रांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला उत्तर कोरिया आणि चीन हे कम्युनिस्ट. बोलणी सुरू झाली ते केसाँग शहर कम्युनिस्टांच्या ताब्यात होते. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूच्या गाड्यांवर ओळखीसाठी पांढरी निशाणे लावायची ठरली, आणि शत्रू शरण आल्याचा प्रचार करायला तेवढे पुरले. संयुक्त राष्ट्रांच्या शिष्टमंडळाचे प्रमुख ॲडमिरल टर्नर जॉय यांना दिलेली खुर्ची समोरच्या, उत्तर कोरियाच्या नाम इल यांच्या खुर्चीपेक्षा मुद्दाम बुटकी होती. हे पोरखेळ वाटतात, पण हरल्यासारखे दिसायचे नाही ही अट दोघांच्याही मनात पहिल्या दिवसापासून होती. ऑगस्टमध्ये केसाँगवर बॉम्ब पडल्याच्या आरोपावरून बोलणी फिसकटली, ती थेट २५ ऑक्टोबरला पानमुनजोम या गावी नव्याने सुरू झाली.

नुसती विषयपत्रिका ठरायला २६ जुलै उजाडला. कम्युनिस्टांना त्यात '३८ अंश अक्षांश', म्हणजे युद्धापूर्वीची दोन्ही कोरियांमधली सीमा, हे शब्दच हवे होते. म्हणजे चर्चेआधीच निकाल. अखेर 'सीमांकन रेषा निश्चित करणे' एवढेच मोघम लिहिले गेले. प्रत्यक्ष चर्चेत संयुक्त राष्ट्रांच्या बाजूनेही ताणलेच. आमचे विमानदळ आणि नौदल वरचढ आहे, त्याचा मोबदला म्हणून रेषा आघाडीच्याही उत्तरेला हवी, असा त्यांचा दावा होता. या वादात १० ऑगस्टला दोन्ही शिष्टमंडळे २ तास ११ मिनिटे एकमेकांसमोर अवाक्षर न काढता बसली.

२७ नोव्हेंबरला तोडगा निघाला : सैन्ये जिथे भिडली आहेत तीच रेषा, दोन्हीकडे दोन-दोन किलोमीटर मोकळा पट्टा, आणि ३० दिवसांत बाकी सगळे मिटले तरच ही रेषा कायम. माझ्या मते खरी चूक इथे झाली. मोठे हल्ले थांबले, कम्युनिस्टांना डोंगरांत भुयारे खणायला निवांत वेळ मिळाला. तीस दिवस सरले तरी काही मिटले नाही. जमीन जाण्याची भीती संपली, तशी घाईही संपली.

मग आले युद्धकैदी. कागदावर हा सगळ्यात सोपा मुद्दा. १९४९ च्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते की लढाई थांबताच कैदी विनाविलंब परत पाठवा. पण १८ डिसेंबरला याद्या समोर आल्या, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीत १,३२,४७४ नावे होती आणि कम्युनिस्टांच्या यादीत ११,५५९. त्यात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी धरून ठेवले की ज्याला परत जायचे नाही त्याला बळजबरीने पाठवायचे नाही. एप्रिल १९५२ च्या सुरुवातीला त्यांच्या अधिकाऱ्यांनी अंदाज दिला की सुमारे १,१६,००० कैदी परततील. त्या भरवशावर कम्युनिस्टांनी छाननीला, म्हणजे परत जायचे का हे एकेका कैद्याला विचारण्याला, हरकत घेतली नाही. छाननीतून आकडा निघाला ७०,००० च्या आसपास. छावण्यांत कम्युनिस्ट आणि कम्युनिस्टविरोधी टोळ्यांची दहशत होती, त्यामुळे कोणाची 'इच्छा' किती खरी हे सांगणे कठीणच होते. चीनचे बहुसंख्य कैदी तैवानला जायला निघाले, हे तर बीजिंगला पचणारेच नव्हते. कैद्यांची मोजणी राहिली बाजूला, कोणाची राजवट खरी यावरच मतदान झाल्यासारखे झाले. घोडे इथे वर्षभराहून जास्त पेंड खात राहिले.

वाट दाखवली भारताने. डिसेंबर १९५२ मध्ये कृष्ण मेनन यांचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मंजूर झाला : परत न जाणाऱ्यांना तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवा. मॉस्को आणि बीजिंगने तो तेव्हा फेटाळला. ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन वारले, आणि जूनमध्ये जवळपास तीच योजना मान्य झाली. तेवढ्यात १८ जूनला दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी सुमारे २७,००० कैदी परस्पर सोडून दिले. लढणाऱ्यांपैकी एकाला टेबलावर मान नसला की तो बाहेरून पाय ओढतो, याचा हा नमुना. त्यांना थोपवायला अमेरिकेला संरक्षण कराराचे आश्वासन द्यावे लागले. दक्षिण कोरियाने सही तरीही केली नाहीच.

आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ऱ्ही भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊलही ठेवू देईनात, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० कैदी त्यांच्या स्वाधीन झाले. त्यांतल्या ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले.

विषयपत्रिकेवरचा पाचवा मुद्दा, म्हणजे पुढे राजकीय परिषद भरवण्याची शिफारस, फेब्रुवारी १९५२ मध्येच दोनेक आठवड्यांत उरकला होता. त्यात कोणाला काही सोडायचेच नव्हते. परिषद १९५४ मध्ये जिनिव्हात भरली आणि कोरियाबाबत काहीही न ठरता उठली. शांतता करार आजही झालेला नाही.