नोत्र दामची दुरुस्ती: बिल व्हॅटिकनचं नव्हतंच

१५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर एक दावा अजूनही फिरतो: 'पॅरिसचं नोत्र दाम व्हॅटिकनचं, मग त्यांनीच पैसे द्यावेत.' इमारत व्हॅटिकनची नाहीच. राज्यक्रांतीच्या काळात, १७८९ मध्ये, चर्चची मालमत्ता राष्ट्राकडे गेली. धर्म आणि शासन वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्यानंतरही हे कॅथेड्रल फ्रेंच सरकारच्या मालकीचंच राहिलं. चर्चला उपासनेसाठी कायमचा, विनामूल्य वापर मिळतो. थोडक्यात, गळकं छप्पर सरकारचं.

विम्याचं काय? फ्रेंच सरकार आपल्या अशा इमारतींचा विमाच काढत नाही, नुकसान स्वतः सोसतं. त्यामुळे दावा करायला कंपनीच नव्हती.

प्रत्यक्षात खर्च भागला देणग्यांतून: सुमारे १५० देशांतले ३,४०,००० दाते, जवळपास ८४.६ कोटी युरो. 'अब्जाधीशांनी नुसत्या घोषणा केल्या' हा आरोप अर्धवट आहे. मोठ्या रकमा करार करून, काम पुढे सरकेल तशा हप्त्यांनी यायच्या होत्या, म्हणून सुरुवातीला तिजोरी रिकामी दिसली. वितळून एकमेकांत अडकलेले परांचीचे सुमारे ४०,००० नळ उतरवणं आणि इमारत सावरणं, यालाच सुमारे १५ कोटी लागले. मुख्य जीर्णोद्धाराला साधारण ५५ कोटी. उरलेली रक्कम बाहेरच्या दगडकामासाठी ठेवली आहे.

म्हणजे सरकार सुटलं का? पुरतं नाही. साध्या दात्यांना १,००० युरोपर्यंतच्या देणगीवर ७५ टक्के करसवलत होती; तेवढा महसूल सरकारनेच सोडला. मात्र मालकाने स्वतःच्या खिशातून फारसं काही घातलं नाही, ही फ्रान्सच्या लेखापरीक्षकांची टीका आम्हाला रास्त वाटते.