आधी थोडं पळा, मग स्वेटर काढा

डिसेंबर लागला की आमच्या धुळ्याकडे सकाळी साडेसातला गल्लीत शेकोटीचा धूर दिसतो आणि कानटोप्या दिसतात. टोपीखाली कुठेतरी पोर असतं. अंगात दोन स्वेटर, गळ्यात मफलर, हात खिशात. "बापू, स्वेटर काढू नको, हिव लागी जाई!" ही आजीची ताकीद दुपारी एकपर्यंत लागू असते, आणि तोवर पारा तिशीच्या जवळ गेलेला असतो.

खान्देशातल्या थंडीची हीच गंमत आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. ढगांची गोधडी नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी उष्णता आभाळात सोडून देते. थंड हवा जड असते, ती उतारांवरून सखल भागात साचते. म्हणून थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी त्याच अंगणात घाम येतो. एका दिवसात वीस अंशांचा फरक! अशा हवेत मुलाला सकाळी चढवलेले कपडे संध्याकाळपर्यंत तसेच ठेवणं म्हणजे थंडी घालवून घाम विकत घेणं.

लहान मुलांना थंडी जास्त लागते, ही आजीची समजूत मात्र बरोबर आहे. भरिताची वांगी आठवा. आरातून मोठं वांगं आणि छोटं वांगं एकदमच बाहेर काढलं, तर आधी कोणतं निवतं? छोटं. वजनाच्या मानाने त्याची साल जास्त. वीस किलोच्या मुलाला दर किलोमागे साधारण चारशे चौरस सेंटिमीटर कातडी असते, मोठ्या माणसाला दोनशे सत्तरच्या आसपास. म्हणजे उष्णता निसटायला मुलाकडे जवळपास दीडपट वाट. तान्ह्या बाळाचं तर डोकंच शरीराच्या मानाने मोठं, त्यामुळे त्याची टोपी अगदी रास्त. आठ वर्षांच्या धावत्या मुलाला मात्र तिची तेवढी गरज नाही.

कारण त्याच्याकडे स्वतःची भट्टी आहे. आपले स्नायू तसे उधळे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा ते हालचालीत उतरवतात, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. कुडकुडणं हेही स्नायूंचंच काम, फक्त त्यात हालचाल म्हणावी अशी होत नाही. दोरीवरच्या उड्या मारणारं मूल बसलेल्या मुलाच्या सहा-सात पट ऊर्जा सहज खर्च करतं. लंगडी, लगोरी, डब्बा ऐसपैस, सगळ्यांचा हिशेब थोड्याफार फरकाने असाच.

आता या भट्टीवर दोन स्वेटर घाला. उष्णता कोंडते, घाम येतो, बनियन भिजतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. खेळ थांबला, मूल ओट्यावर टेकलं, की तेच ओलं बनियन अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून क्रम उलटा हवा: पाच मिनिटं हळूहळू पळून अंग तापलं की स्वेटर काढायचा, आणि खेळ संपताच बनियन बदलून पुन्हा चढवायचा. आजीला हे पटवणं विज्ञानापेक्षा अवघड आहे, मला अजून जमलेलं नाही.

सर्दीचं काय? सर्दी विषाणूंमुळे होते, आणि असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. गार, कोरड्या हवेत नाकाची राखण थोडी कमी पडते, हेही खरं. पण खिडक्या लावून एका खोलीत पाच भावंडं मोबाइलभोवती बसली, तर एकाची शिंक पाचही जणांत वाटली जाते. अंगणात ती वाऱ्यावर जाते. आणि बंद खोलीत शेगडी कधीच नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. झोपेत तर हे कळतही नाही.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास दम लागेल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास कधी, हे शेकोटीच्या धुरालाच विचारा. पहाटे धूर थोडा वर जातो आणि मग छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. जमिनीलगत थंड हवा, तिच्यावर उबदार हवा, त्यामुळे धूर आणि धूळ खालीच अडकतात. ऊन चढलं की हे झाकण उघडतं आणि वारा सुटतो. संक्रांतीला पतंग सकाळी सात वाजता उडत नाहीत, दहानंतर उडतात, ते बहुतेक यामुळेच. दम्याच्या मुलाने तर सकाळच्या धुरात पळूच नये. दहानंतर, नाहीतर चार ते दिवेलागण, ही वेळ चांगली. पतंगाचं म्हणाल तर गच्चीवर ढील देणाऱ्यापेक्षा कटलेल्या पतंगामागे धावणाऱ्याचा व्यायाम जास्त होतो. फक्त त्याने रस्ता सोडून मैदानात धावावं, आणि नायलॉन मांजाला घरात थारा नको.

कोवळ्या उन्हात बसवलं की ड जीवनसत्त्व मिळतं, असं आपण म्हणतो. ऊब मिळते, पण त्या जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण तिरप्या उन्हात फारच थोडे पोचतात. सावली आपल्या उंचीइतकी किंवा आखूड झाली, की ते पुरेसे मिळतात, असा ढोबळ नियम.

यावरून एक खेळ सुचतो. 22 डिसेंबरला धुळ्यात किंवा जळगावात दुपारी साडेबाराच्या सुमारास मुलाला अंगणात उभं करा आणि त्याची सावली खडूने आखा. आपला भाग 21 अंश अक्षांशाजवळ असल्यामुळे त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य साधारण 45 अंशांवर असतो, आणि सावली जवळजवळ मुलाच्या उंचीइतकीच भरते. 120 सेंटिमीटरच्या मुलाची सावली 117 च्या आसपास. संक्रांतीला पुन्हा मोजा, ती 110 च्या जवळ आलेली असेल. उड्या मारत, भांडत, कोणाची सावली कोणापेक्षा लांब हे ठरवण्यात अर्धा तास सहज जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस ती पायाखालीच गडप होते, पण तेव्हा पारा चव्वेचाळीसला टेकलेला असतो आणि ती मोजायला भरदुपारी अंगणात जायला कोणी तयार होत नाही.