२३ नोव्हेंबर १९६३ : कृष्णधवल पडद्यावरची एक शनिवार-संध्याकाळ

डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये शुक्रवारचे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबर १९६३ ला, बीबीसीवर 'डॉक्टर हू' या, यानातून काळाचा प्रवास करणाऱ्या डॉक्टरच्या विज्ञानमालिकेचा पहिला भाग लागला आणि त्याच रात्री 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' या उपहासात्मक कार्यक्रमाने आपला सगळा उपहास बाजूला ठेवला. ब्रिटिश टेलिव्हिजनच्या इतिहासात हे दोन्ही कार्यक्रम स्वतंत्रपणे गाजले. पण त्या काळी कार्यक्रम सुटे नसायचेच. घरी चित्र रेकॉर्ड करायची सोय नव्हती, चुकलं ते चुकलं. त्यामुळे पाच वाजता टीव्ही लावला की अख्खी संध्याकाळ एका ओळीत समोरून जायची, आणि आधी काय, नंतर काय हे बघूनच प्रत्येक कार्यक्रम बेतला जायचा.

ही ओळ घडायला बरीच वर्षं लागली. बीबीसीची टेलिव्हिजन सेवा १९३६ साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली, महायुद्धात सात वर्षं बंद राहिली आणि जून १९४६ मध्ये परत आली. सप्टेंबर १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारं आयटीव्ही आलं. १९६३ च्या त्या शनिवारी प्रेक्षकाला हे दोनच पर्याय होते. बीबीसी-२ यायला अजून पाच महिने होते. चित्र ४०५ रेषांचं, टीव्ही बघण्याचं वर्षाचं लायसन्स चार पौंडांचं. दिवसाला किती तास प्रक्षेपण करायचं हेही सरकार ठरवायचं, म्हणजे टपाल आणि प्रक्षेपण सांभाळणारा मंत्री, पोस्टमास्टर जनरल. १९५७ पर्यंत तर रोज सहा ते सात पडदा चक्क रिकामा ठेवला जाई, आईबापांना मुलं झोपवता यावीत म्हणून! आयटीव्हीचा जाहिरातींचा एक तास त्यात बुडायचा, त्यामुळे त्यांनी या नियमाविरुद्ध जोर लावला आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये तो सुटला. पहिल्याच शनिवारी बीबीसीने त्या मोकळ्या वेळेत 'सिक्स-फाइव्ह स्पेशल' हा तरुणांचा संगीताचा कार्यक्रम आणला. शनिवारची संध्याकाळ सगळ्या घराची झाली ती तेव्हापासून.

पुढच्या वर्षी 'ग्रँडस्टँड' आला. दुपारभर खेळ आणि शेवटी टेलिप्रिंटरवर एकेक करून उमटणारे फुटबॉलचे निकाल. पूल्सच्या, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरच्या पैजेच्या, कूपनवर पैसे लावलेली घरची मोठी माणसं त्या निकालांसाठी खुर्चीला खिळलेली असत. त्यानंतर थोड्या वेळाने तरुण मुलं 'ज्यूक बॉक्स ज्युरी'साठी जमत. त्यात डेव्हिड जेकब्ज नव्या रेकॉर्ड्स वाजवायचे आणि पाहुणे मंडळी त्या चालणार की पडणार याचा निकाल द्यायची. मग 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन', जॅक वॉर्नरचा भला पोलीस. घोळ होता तो खेळ आणि संगीत यांच्या मधल्या वेळेचा. तिथे प्रेक्षक गळायचा. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख, मूळचे कॅनडाचे सिडनी न्यूमन, यांना तिथे वडील उठून जाणार नाहीत आणि मुलंही बसतील असं काहीतरी हवं होतं. 'डॉक्टर हू'चा जन्म या गरजेतून झाला, आणि मला ते त्या मालिकेचं मोठेपण वाटतं. वेळापत्रकातली एक फट बुजवायला निघालेल्या माणसांनी काम मात्र जीव ओतून केलं.

निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा २७ वर्षांच्या, नाट्यविभागातल्या एकमेव स्त्री निर्मात्या. दिग्दर्शक वारिस हुसेन त्यांच्याहूनही लहान. जन्म लखनौचा, बालपणाची सुरुवातीची वर्षं मुंबईत गेलेली. लाइम ग्रोव्ह स्टुडिओ जुना आणि अडचणीचा. पहिल्या भागाचं पहिलं चित्रण न्यूमनना पटलं नाही. यानाची दारं नीट मिटत नव्हती, डॉक्टर फारच तुसडा वाटत होता. त्यांनी सगळा भाग पुन्हा करायला लावला. शीर्षकाचं धुरकट, वळवळतं चित्र मिळालं ते कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे रोखून. पडदा स्वतःलाच बघत राहतो आणि उजेडाचे लोट तयार होतात. काळ्या-पांढऱ्यात ते अजूनही अंगावर येतं. मालिकेची रॉन ग्रेनर यांनी रचलेली धून बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या इलेक्ट्रॉनिक आवाजांच्या विभागात डीलिया डर्बिशायर यांनी वाजवली म्हणणंही चूक ठरेल, कारण तिथे वादक नव्हतेच. छेडलेल्या एका तारेचा आवाज, ऑसिलेटर या विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राचे सूर, हे टेपवर घ्यायचे, वेग बदलून स्वर जुळवायचे, प्रत्येक स्वराचा तुकडा मापाने कापायचा आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा.

पहिला भाग साधारण ४४ लाख लोकांनी पाहिला. देशाचं लक्ष डॅलसकडे होतं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला. पुनःप्रक्षेपण त्या काळी सहजासहजी होत नसे.

त्या शनिवारची रात्र मात्र 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज'च्या डेव्हिड फ्रॉस्ट आणि मंडळींची. वर्षभर पंतप्रधानांपासून चर्चपर्यंत कुणालाही न सोडणाऱ्या या कार्यक्रमाने त्या दिवशी सुमारे वीस मिनिटांची सरळ, गंभीर आदरांजली वाहिली. मिलिसेंट मार्टिनने त्यासाठी खास लिहिलेलं गाणं गायलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत एनबीसी वाहिनीने ती आदरांजली दाखवली. पुढे महिनाभरात, १९६४ हे निवडणुकीचं वर्ष म्हणून, बीबीसीने हा कार्यक्रमच बंद केला.

त्या रात्रीची आदरांजली आणि 'डॉक्टर हू'चा तो भाग आज बघायला मिळतो, पण त्यांच्या शेजाऱ्यांचं नशीब तसं नव्हतं. व्हिडिओ टेप दोन इंच रुंद आणि महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची. कलाकार संघटनेच्या करारांमुळे जुने भाग परत दाखवण्यावर मर्यादा, मग ठेवायचे कशाला, असा हिशेब. 'डिक्सन'च्या ४३२ भागांपैकी मोजकेच उरले. 'डॉक्टर हू'चे बरेच भाग वाचले ते परदेशात विकण्यासाठी काढलेल्या १६ मिमी फिल्मच्या प्रतींमुळे. २०१३ मध्ये नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरातून परत आले. 'ज्यूक बॉक्स ज्युरी' तर जवळजवळ सगळाच गेला. ७ डिसेंबर १९६३ ला चारही बीटल्स लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात परीक्षक म्हणून बसले होते. त्या भागाचं चित्र कुठेही नाही. कुणीतरी घरी टीव्हीवरून टेप करून घेतलेला आवाज तेवढा उरला आहे.