शेजार बदलला तर मुलांचं काय होतं?

चांगल्या सोसायटीत वाढलेलं मूल पुढे जातं आणि झोपडपट्टीतलं मागे पडतं, हे सगळ्यांना दिसतं. कशामुळे, हे सांगणं मात्र अवघड आहे. चांगल्या वस्तीत राहणाऱ्यांकडे मुळातच पैसा जास्त असतो, आईवडील शिकलेले असतात. मग मुलाला पुढे नेलं ते वडिलांच्या पगाराने, आईच्या शिक्षणाने की शेजाराने? नुसती पाहणी करून याचं उत्तर मिळत नाही.

उत्तर हवं असेल तर सारख्याच परिस्थितीतल्या कुटुंबांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना दुसऱ्या वस्तीत जायची संधी द्यायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. अमेरिकेच्या सरकारने हे खरोखर केलं. १९९४ ते १९९८ या काळात ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ या प्रयोगात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथली सुमारे ४,६०० कुटुंबं सामील झाली. सगळी अतिशय गरीब वस्त्यांमधल्या सरकारी घरांत राहणारी. सोडत काढून त्यांचे तीन गट केले. एका गटाला घरभाड्याचं व्हाउचर मिळालं, पण ते वापरायचं फक्त दहा टक्क्यांपेक्षा कमी गरिबी असलेल्या भागात. दुसऱ्या गटाच्या व्हाउचरला ही अट नव्हती. तिसऱ्या गटाला व्हाउचरच मिळालं नाही. सोडतीला कोणाचा पगार कळत नाही की कोणाचं शिक्षण. त्यामुळे पुढे या गटांत जो फरक पडेल तो घराण्याचा नव्हे, हे खात्रीने म्हणता येतं.

सुरुवातीचे निकाल निराश करणारे होते. मोठ्यांची कमाई वाढलीच नाही. मानसिक आरोग्य सुधारलं, तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह कमी झाला, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. पण गरिबी हटण्याची जी आशा होती ती फोल ठरल्यासारखी वाटली.

मग २०१५ साली राज चेट्टी, नॅथनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगातल्या मुलांची माहिती आयकराच्या नोंदींशी जोडून पाहिली. मुलं तोवर कमावती झाली होती. अटीचं व्हाउचर घेऊन वयाची तेरा वर्षं पूर्ण होण्याआधी नव्या वस्तीत गेलेल्या मुलांचं पंचविशीतलं उत्पन्न व्हाउचर न मिळालेल्या गटातल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त निघालं. कॉलेजात जाण्याचं प्रमाणही वाढलं होतं. तेरानंतर गेलेल्यांना मात्र फायदा झाला नाही. उलट थोडं नुकसानच झाल्याचं दिसलं. ऐन वयात मित्र, शाळा, गल्ली सगळं सोडून नव्याने पाय रोवणं सोपं नसतं.

वस्तीचा परिणाम एका दिवसात होत नाही, तो वर्षावर्षाने मुरतो. घर बदललेल्या सत्तर लाखांहून अधिक अमेरिकी कुटुंबांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली गेली. आईबाप तेच, कुटुंब तेच. तरी चांगल्या भागात गेल्यावर धाकट्याच्या वाट्याला जास्त फायदा आला, कारण बालपणाची जास्त वर्षं त्याला तिथे मिळाली. मला हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

वस्तीत नेमकं असतं तरी काय? शाळा आणि सुरक्षितता आलीच. पण २०२२ मध्ये चेट्टींच्याच गटाने फेसबुकवरच्या सात कोटींहून अधिक अमेरिकी लोकांच्या मैत्रीचं जाळं तपासलं. जिथे गरीब आणि सुखवस्तू घरांत मैत्री होते, तिथली गरीब मुलं पुढे जास्त कमावताना दिसली. ही सोडत नव्हे, म्हणून इथे कार्यकारणाचा दावा जरा जपूनच करावा. तरी कोणता कोर्स घ्यावा, अर्ज कुठे करावा हे सांगणारं आणि वेळेला शब्द टाकणारं माणूस ओळखीत असणं किती मोलाचं, हे पहिल्या पिढीत शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवतो. अहमदाबादमध्ये १९८७ साली झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी सोडतीने शहराच्या कडेला चांगली घरं दिली गेली. चौदा वर्षांनी शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी त्यांचा माग काढला. घर सुधारलं होतं, पण कुटुंबाचं उत्पन्न आणि मुलांची प्रगती सोडत न लागलेल्यांइतकीच होती. ३४ टक्के कुटुंबं तर तिथे राहायला गेलीच नाहीत आणि ३२ टक्के नंतर सोडून गेली. नातलग, जातभाई दुरावले, अडीनडीला हातउसने देणारं कोणी जवळ उरलं नाही. नवा पत्ता मिळाला, पण आधार देणारा शेजार काही मिळाला नाही. पुनर्वसनाच्या आपल्या चर्चा चौरस फुटांपाशीच का थांबतात, याची म्हणूनच चीड येते.

मुंबईत मात्र म्हाडाच्या सोडतीत कमी उत्पन्न गटात घर लागलेल्यांचा आणि न लागलेल्यांचा अभ्यास तनू कुमार यांनी केला, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. विजेत्या कुटुंबांमध्ये शिक्षण आणि रोजगार वाढलेला होता. तिथे राहायला जाण्याची सक्ती नव्हती, घर भाड्याने देऊन पूर्वीच्याच वस्तीत राहता येत होतं. इथे मुलांना पुढे नेण्यात शेजारापेक्षा नावावर आलेल्या घराचा वाटा मोठा दिसतो.