इकतच्या कडा फुटतात कशा?

गेल्या श्रावणात दादरच्या एका साडीच्या दुकानात बसले असताना शेजारच्या बाई एक सुती इकत साडी परत करू पाहत होत्या. साडी गर्द निळी होती, तिच्यावर पांढऱ्या चौकटी होत्या आणि बाईंचे म्हणणे होते की, एकदाही न धुता तिचा रंग पसरला आहे, कारण एकाही चौकटीची कड सरळ नाही. विक्रेत्याने ठेवणीतले उत्तर दिले, "ताई, हाताचं काम आहे, थोडं इकडेतिकडे होणारच." बाईंचा आक्षेप चुकीचा होता, कारण रंग पसरलेला नव्हता. विक्रेत्याचे उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते, कारण ते 'थोडं इकडेतिकडे' नेमके किती होते, कोणत्या दिशेने होते आणि विणकर ते कसे आवरतो, यातच इकतचे सगळे शास्त्र आहे.

'इकत' हा शब्द मलाय-इंडोनेशियन भाषांतील 'बांधणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. बांधणीत विणून झालेले कापड बांधून रंगवतात, तर इकतमध्ये विणण्याआधी धागेच बांधून रंगवतात. म्हणजे नक्षी आधी धाग्यावर तयार होते आणि ती कापडात उमटते ती मागावर. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. यांपैकी एकच रंगवला तर एकेरी इकत आणि दोन्ही रंगवून त्यांची नक्षी एकमेकींवर बसवली तर दुहेरी. गुजरातमधील पाटणचे पटोळे, म्हणजे तेथील रेशमी साडी, दुहेरी असते. तेलंगणातील पोचमपल्ली आणि ओडिशातील संबळपूर ही या कलेची आणखी दोन मोठी घरे आहेत. भारताबाहेर बालीतील तेंगानान गावात आणि जपानमध्येही दुहेरी इकत विणतात. पाटणचे साळवी विणकर बाराव्या शतकात कुमारपाल राजाने जालन्याहून नेले, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे, त्यामुळे मराठी माणसाने या साडीकडे थोड्या हक्काने पाहायला हरकत नाही.

आता कडांकडे वळू. त्या पुसट होण्याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. पहिले कारण एका धाग्याच्या आत घडते. धाग्यांची जुडी जिथे घट्ट बांधली आहे तिथे रंग पोहोचू नये अशी अपेक्षा असते, पण धाग्यातील तंतूंच्या मधल्या बारीक फटी केशनलिकांसारखे काम करतात आणि रंगाचे पाणी त्यांतून बांधाखाली शिरते. हे पाणी किती आत जाईल ते फटीची रुंदी आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरते. म्हणून शिरकाव निम्म्यावर आणायचा तर फट एक चतुर्थांश करावी लागते आणि त्यासाठी बांधणाऱ्याला बोटे दुखेपर्यंत आवळावे लागते. सुती दोऱ्याने बांधले तर तो दोरा ओला झाल्यावर स्वतःच आणखी आवळतो. पावसाळ्यात वाळत घालायची सुती दोरी कशी ताणली जाते ते चाळीत राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. पोचमपल्लीत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतात, कारण रबर पाणी शोषत नाही आणि पुन्हा पुन्हा ताणून बांधता येते. एवढे करूनही जो थोडा रंग आत सरकतो, त्यामुळे धाग्यावरचा निळा रंग एकदम न संपता हळूहळू फिका होत पांढऱ्याला मिळतो.

दुसरे कारण अनेक धाग्यांमध्ये मिळून घडते, आणि मला ते अधिक आवडते. साडीतील बाणा एकच लांबलचक धागा असतो. धोट्यातून तो डावीकडून उजवीकडे जातो, काठापाशी वळतो आणि परत येतो. पोचमपल्लीत हा धागा बांधण्यापूर्वी 'आसू' नावाच्या चौकटीवर गुंडाळतात. तिच्या एका टोकाला एक खुंटी आणि समोर अर्धवर्तुळात खुंट्यांची रांग असते आणि धागा एकीकडून दुसरीकडे जात-येत राहतो. म्हणजे खुंटीपासून खुंटीपर्यंतचे अंतर मागावरील साडीच्या रुंदीइतके असायला हवे. ते तंतोतंत कधीच नसते. भिजून धागा आखडतो, मागावर ताण वेगळा पडतो, बाणा जागेवर दाबणारी फणी ठोकताना कापड किंचित आत ओढले जाते.

समजा, एका फेरीत फक्त ०.१ मिलिमीटरचा फरक पडला आणि तो जास्तीच्या बाजूचा आहे, म्हणजे प्रत्येक फेरीत तेवढा धागा वाचतो. पहिल्या ओळीत काही दिसणार नाही. पण धागा अखंड असल्यामुळे दुसऱ्या ओळीत ०.२, तिसरीत ०.३ अशी चूक साठत जाते आणि विसाव्या ओळीत नक्षी २ मिलिमीटर सरकते. गंमत पुढे आहे. धागा उजवीकडे जात असताना ही चूक नक्षीला उजवीकडे ढकलते आणि डावीकडे परतताना तीच चूक नक्षीला डावीकडे ढकलते. म्हणजे लागून असलेल्या दोन ओळी विरुद्ध दिशांना सरकतात आणि विसाव्या ओळीपाशी त्यांच्यातील अंतर सुमारे ४ मिलिमीटर होते. चौकटीची कड तिरकी होत नाही, ती फुटते आणि कंगव्याच्या दातांसारखी दिसू लागते. एका इंचात साठ ओळी धरल्या तर एका इंचाच्या विणीनंतर हे दात सुमारे १२ मिलिमीटर लांब होतील आणि चौकट ओळखूही येणार नाही.

तरीही चौकट ओळखू येते, कारण विणकर दर काही ओळींनी नजरेने नक्षी जुळवतो आणि वाचलेला धागा काठापाशी ओढून घेतो. येथे एक सूक्ष्म फरक आहे, जो गणितात रस नसलेल्या वाचकाने ओलांडून पुढे गेले तरी चालेल. एकाच दिशेची चूक ओळींच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. कधी कमी, कधी जास्त अशी यदृच्छ चूक साठली तर ती संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे शंभर ओळींनंतर फक्त दहापट होते. पण प्रत्येक वेळी ताज्या नजरेने जुळवल्यास चूक साठतच नाही. तिची जागा विणकराच्या डोळ्याच्या आणि बोटांच्या अचूकतेइतका एक कायमचा, लहानसा विस्कळीतपणा घेतो. साडीवर दिसणारी पिसासारखी कड म्हणजे तो उरलेला विस्कळीतपणा. दुकानातल्या त्या निळ्या साडीवर तो मला जेमतेम दोन मिलिमीटरचा दिसला आणि तोही सर्व चौकटींवर सारखा. 'थोडं इकडेतिकडे' म्हणून सोडून द्यावे असे ते काम नव्हते.

ताण्याची गोष्ट निराळी. तेथे हजारो धागे स्वतंत्र असल्याने चूक एकातून दुसऱ्यात जात नाही, पण जो धागा सरकला तो सरकलेलाच राहतो. म्हणून पाटणचे विणकर आठ-दहा इंच विणून झाले की ताण सैल करून सुईने एकेक धागा जागेवर आणतात. दोन्ही दिशांच्या नक्षी जुळवायच्या असल्याने एका पटोळ्याला कित्येक महिने लागतात.

आसूवर धागा गुंडाळण्याचे काम पोचमपल्लीत बहुधा घरातील स्त्रिया करत आणि एका साडीसाठी हात सुमारे ९००० वेळा वरखाली न्यावा लागे. आईचे खांदे दुखताना पाहून चिंतकिंदी मल्लेशम यांनी १९९९ मध्ये हे काम करणारे यंत्र बनवले, त्याला आईचेच लक्ष्मी हे नाव दिले आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खुंट्यांचे काम यंत्राने केल्यामुळे साडी 'खरी' राहत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा ९००० वेळा हात हलवून पाहावा.

अशा साड्यांबरोबर हल्ली एक भाकडकथाही विकली जाते: नैसर्गिक रंगांचे इकत अंगावर घेतले की औषधी गुण त्वचेतून शरीरात जातात आणि 'सकारात्मक ऊर्जा' मिळते. रंगारी ज्यासाठी झटतो ते नेमके याच्या उलट आहे. रंगाने धागा सोडू नये म्हणून मंजिष्ठेच्या लाल रंगाला तुरटीतील ॲल्युमिनियमच्या मदतीने तंतूंना जखडले जाते. 'पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहि', म्हणजे पटोळ्यावरची नक्षी फाटेल पण फिटणार नाही, असे गुजरातीत म्हणतात. तो रंग तुमच्या अंगात जाईल कसा? आणि हळदीचा पिवळा रंग इतका कच्चा की थोड्याच दिवसांत खिडकीतल्या उन्हानेच उडून जातो.

छापील नकलेत मात्र पुसट कडाही छापलेल्या असतात. त्या ओळखायला मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे साधे भिंग धरावे. फक्त बाणा रंगवलेल्या साडीत आकाराच्या उभ्या कडा फुटलेल्या आणि आडव्या कडा स्वच्छ असतात, कारण प्रत्येक आडवी ओळ हा एक अखंड धागाच असतो. ताणा रंगवला असेल तर नेमके उलटे दिसते. छापणाऱ्याला हा भेद बहुधा माहीत नसतो आणि तो चारही बाजूंना सारखीच पिसे काढतो. पदराच्या टोकाशी सुटलेला एखादा धागा मिळाला तर आणखी सोपे. छापील धाग्यावर, तो दुसऱ्या धाग्याखाली लपला होता तेथे, पांढरे ठिपके राहतात. इकतचा धागा आरपार रंगलेला असतो आणि म्हणूनच साडी उलटीकडूनही सुलटीइतकीच गडद दिसते.

आणि काठ पाहावा. माझ्या आईच्या संबळपुरी साडीच्या काठावर जागोजागी तांदळाच्या कणीएवढे धाग्याचे फास बाहेर आलेले होते. विणकराने ओढून घेतलेला वाचलेला धागा तो हाच. फॉल-बिडिंग करणाऱ्या बाईंनी, साडी नीटनेटकी दिसावी म्हणून, हातभर काठावरचे फास कात्रीने उडवले, तेव्हा कुठे आईने त्यांना थांबवले. तेवढ्या काठाला आता धाग्यांची तुटकी टोके बाहेर येतात, बाकीचे फास आहेत तसे आहेत.