बाहेरगावी जाताना गोल्फ कार्टचे चार्जिंग बंद करू नये : आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फ्लोरिडातील द व्हिलेजेस या निवृत्तांच्या मोठ्या वसाहतीत घर घेतलेल्या आमच्या ग्राहकांना गोल्फ कार्ट म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. सकाळी पोहायला किंवा पिकलबॉल खेळायला, दुपारी डॉक्टरांकडे आणि संध्याकाळी लेक समटर लँडिंगच्या किंवा ब्राउनवूडच्या चौकात गाणी ऐकायला आपण याच गाडीने जाता. शंभर मैलांहून अधिक लांबीचे कार्टमार्ग, रस्त्यांखालचे बोगदे आणि 441 क्रमांकाच्या महामार्गावरचा खास कार्टसाठी बांधलेला पूल, एवढी सोय असल्यामुळे आठवडा आठवडा मोटार बाहेर न काढणारी अनेक घरे आमच्या परिचयाची आहेत. तरीही हे पत्रक छापावे लागले, कारण दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता आम्हाला एकाच प्रकारचे दूरध्वनी येऊ लागतात. “दोन-अडीच महिने पुण्याला होतो. परत आलो तर गाडी हलत नाही आणि प्लग लावला तरी चार्जिंग सुरू होत नाही. चार्जर बिघडला असावा, नवीन घेऊन या.”

अशा वेळी चार्जर बहुधा ठणठणीत असतो. बॅटऱ्या मात्र पूर्ण उतरलेल्या असतात, कारण निघताना घराचा मेन स्विच बंद केलेला असतो.

गावाला निघताना गॅस बंद, पाण्याचा मुख्य नळ बंद, विजेचा मेन स्विच बंद आणि मग दाराला कुलूप, ही शिस्त आपल्यापैकी बहुतेकांनी आईवडिलांकडून घेतलेली आहे आणि ती चांगलीच आहे. पाण्याचा नळ इथेही जरूर बंद करावा. परंतु मेन स्विच किंवा गॅरेजच्या विजेचा ब्रेकर (त्या भागाची वीज तोडणारा स्विच) खाली केला की त्याच क्षणापासून कार्टच्या बॅटऱ्यांना कोणी वाली राहत नाही. शिशाच्या बॅटऱ्या नुसत्या उभ्या राहूनही हळूहळू उतरतात आणि बॅटरी जितकी जुनी व हवा जितकी गरम, तितक्या त्या लवकर उतरतात. त्यातच गाडीचा कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग), रेडिओ आणि मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट थोडी थोडी वीज खात असतात. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, आणि असा भाग पुढे वीज साठवण्याच्या उपयोगाचा राहत नाही. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. गाडी वरून जशीच्या तशी चकचकीत असते, म्हणून ग्राहकाचा संशय सर्वप्रथम चार्जरवर जातो.

चार्जर सुरू का होत नाही, हेही समजून घ्यावे. आजचे स्वयंचलित चार्जर प्रथम समोरच्या बॅटऱ्यांचा विजेचा दाब (व्होल्टेज) मोजतात आणि तो ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच वीज सोडतात. संच पार उतरलेला असेल तर चार्जरच्या लेखी समोर बॅटरीच नसते आणि तो गप्प राहतो. अशी गाडी आमच्याकडे आली की आम्ही सगळ्या बॅटऱ्या सुट्या करतो, प्रत्येकीला लहान चार्जरवर सावकाश चढवतो, एक दिवस तशीच ठेवून पुन्हा मोजतो आणि मगच पूर्ण संच जोडतो. 48 व्होल्टच्या गाडीत सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या असतील तर एकेक सुमारे 28 किलो वजनाची असते, यावरून कामाचा अंदाज यावा. दोन ते तीन दिवस गाडी अडकून पडते, आपला खोळंबा होतो, आमची जागा अडते, आणि एवढे करूनही संच पूर्वीइतका चालेल याची खात्री देता येत नाही. ज्या संचाने नीट निगा राखल्यास पाच वर्षांच्या आसपास साथ दिली असती, तो एका हिवाळ्यातल्या भारतवारीने संपलेला आम्ही पाहिला आहे. वर्षभर स्वतःच्या हाताने बॅटऱ्यांत पाणी घालणाऱ्या, गाडी पुसून ठेवणाऱ्या माणसाला अशी बातमी सांगताना आम्हालाही फार वाईट वाटते.

मग निघताना नेमके काय करावे

गॅरेजचा ब्रेकर चालू ठेवावा. घरातील बाकीचे ब्रेकर बंद करायचे असतील तर गॅरेजचा कोणता हे आधी ओळखून त्यावर कागद चिकटवावा. बॅटऱ्यांतील पाण्याची पातळी पाहावी, गाडी पूर्ण चार्ज करावी आणि प्लग लावलेलाच ठेवावा. रेडिओ, पंखा, दिवे बंद आहेत ना ते पाहून किल्ली काढून घ्यावी.

यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो प्रत्येक गाडीनुसार बदलतो. काही चार्जर काम संपल्यावरही बॅटरीवर लक्ष ठेवतात आणि दाब उतरला की आपणहून पुन्हा सुरू होतात. काही जुने चार्जर एकदा बंद झाले की प्लग काढून पुन्हा लावल्याशिवाय जागे होत नाहीत. अशा गाडीचा प्लग दोन महिने लावून ठेवल्याचे समाधान मिळते, परंतु पहिल्या रात्रीनंतर त्याचा उपयोग काहीच होत नाही. आपला चार्जर कोणत्या प्रकारचा आहे, आणि आसनाखालचा ‘टो’ (ओढणे) व ‘रन’ (चालवणे) असे लिहिलेला स्विच मुक्कामाच्या काळात कोणत्या बाजूला ठेवावा, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाच्या मॉडेलप्रमाणे मराठीत चिठ्ठीवर लिहून देतो. ही चिठ्ठी आसनाच्या आतल्या बाजूला चिकटवली जाते आणि तिचे वेगळे पैसे नाहीत. मात्र उभी गाडी ढकलावी किंवा ओढावी लागली तर स्विच आधी ‘टो’कडे करावा, अन्यथा कंट्रोलर जळू शकतो.

शेजाऱ्यांना किल्ली देऊन जात असाल तर त्यांना महिन्यातून एकदा गॅरेजमध्ये डोकावायला सांगावे. गॅरेजमधल्या सॉकेटवर ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन लहान बटणे असतात. मध्य फ्लोरिडात उन्हाळ्यात विजांचे तांडव किती असते हे आपण जाणता, आणि एखाद्या वादळात हे सॉकेट आपोआप बंद पडले तर आपण प्लग लावून गेलेले असूनही चार्जिंग थांबलेले असते. जे ग्राहक हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात मुलांकडे न्यू जर्सीला किंवा टेक्सासला जातात, त्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. शेजाऱ्याने चार्जरवरचा दिवा पाहिला, ‘रीसेट’ दाबले आणि जुना चार्जर असल्यास प्लग काढून पुन्हा लावला, एवढे पुरते.

लिथियमच्या बॅटऱ्या असलेल्यांना यातील बरेचसे लागू नाही. त्या उभ्या उभ्या फार थोड्या उतरतात, त्यांना पाणी लागत नाही आणि दीर्घ मुक्कामासाठी त्या काठोकाठ भरण्यापेक्षा निम्म्याहून थोड्या अधिक भरून, बॅटरीचा स्वतःचा स्विच बंद करून ठेवणे बहुधा योग्य असते. तरीही ज्या कंपनीची बॅटरी, तिच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानाव्यात. पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांसाठी इथेनॉल नसलेले इंधन आणि त्यात टिकाऊपणाचे औषध, हा मुद्दा वेगळा आहे, तो दुकानात विचारावा.

पाणी आणि रोजचे चार्जिंग

गाडी रोज जरी फक्त दोन मैल चालली, तरी घरी आल्यावर प्लग लावावा. काटा खाली येईपर्यंत थांबून मग एकदाच चार्ज करण्याची पद्धत स्कूटरच्या पेट्रोलला ठीक आहे, शिशाच्या बॅटरीला ती मानवत नाही. निम्म्याच्या खाली वारंवार उतरवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

पाणी चार्जिंगनंतर घालावे. चार्जिंग होताना आतले द्रावण फुगते आणि वर येते, म्हणून आधीच गळ्यापर्यंत भरलेली बॅटरी रात्री उतू जाते, ॲसिड खालच्या चौकटीवर सांडते आणि लोखंड व तारांची टोके गंजतात. अपवाद एकच : पट्ट्या उघड्या पडलेल्या दिसल्या तर त्या जेमतेम बुडतील इतके पाणी आधी घालावे, चार्ज करावे आणि उरलेले नंतर भरावे. पाणी दुकानात मिळणारे डिस्टिल्डच हवे. इथले भूजल चुनखडीच्या थरांतून येते आणि नळाच्या पाण्यातील क्षार बॅटरीत कायमचे राहतात. महिन्यातून एकदा पातळी पाहावी, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. दिवाळीच्या तळणीचा वास घरात राहू नये म्हणून अनेक जण गॅरेजमध्ये गॅसची शेगडी मांडतात. चार्ज होत असलेल्या शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. चकल्या करायच्या दिवशी कार्ट बाहेर अंगणात उभी करावी, प्लग काढावा, गॅरेजचे दार उघडून हवा खेळू द्यावी, आणि मगच शेगडी पेटवावी.

आईवडील किंवा नातवंडे आली असताना

दुसरा नेहमीचा प्रश्न परवान्याचा आहे. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे ताशी 20 मैलांपेक्षा अधिक वेग न गाठणारी गाडी ही गोल्फ कार्ट होय. तिला नोंदणी लागत नाही, आणि 18 वर्षांवरील व्यक्तीला ती चालवताना वैध सरकारी छायाचित्र-ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. नागपूरहून आलेल्या वडिलांनी गाडी चालवताना आपले पारपत्र बरोबर ठेवावे. नातवंडांबाबत मात्र नियम बदलला आहे : 1 ऑक्टोबर 2023 पासून 18 वर्षांखालील मुलांना किमान शिकाऊ परवाना हवा. मोठ्या भावाने चौदाव्या वर्षी चालवली म्हणून धाकट्यालाही चालेल, असे आता नाही.

भारतात गाडी चालवण्याची सवय असलेल्यांना सर्वांत अडचण येते ती गोल चौकांत. जिथे कार्टची वेगळी पट्टी रस्त्याच्या कडेने जाते, तिथे चौकाआधी ती संपते आणि कार्टला मोटारींच्या रांगेत यावे लागते. चौकातली वाहने डावीकडून येतात, त्यांना आधी जाऊ द्यायचे आणि मग उजवीकडे वळून घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे. पाहुण्यांना पहिल्या दिवशी एकटे सोडू नये. मागे तोंड करून बसायचे आसन असेल तर वळणावर मुलांनी दांडी धरलेली असावी, आणि साडीचा पदर किंवा ओढणी खोचून घेतल्याशिवाय गाडी सुरू करू नये. कार्टला दारे नसतात आणि चाक अगदी जवळ असते.

आम्ही काही कामे का करत नाही

एकच बॅटरी बदलून द्या, असा आग्रह पुष्कळ वेळा होतो. वर्षभराच्या आतील संच असेल तर आम्ही बदलतो. चार वर्षे चाललेल्या संचात एक कोरी बॅटरी घातली तर जुन्या सात तिला काही महिन्यांतच आपल्या पातळीवर ओढतात, म्हणजे आपले पैसे दोनदा जातात. अशा वेळी आम्ही नकार देतो तो मोठे बिल करण्यासाठी नव्हे, हे कृपया लक्षात घ्यावे. पूर्ण संच घेण्यापूर्वी आम्ही प्रत्येक बॅटरीचे मोजमाप आपल्यासमोर करून आकडे लिहून देतो. ते दुसऱ्या कोणालाही दाखवण्यास आमची हरकत नाही.

वेग वाढवून देण्याचे कामही आम्ही घेत नाही. ताशी 20 मैलांच्या वर गेलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने गोल्फ कार्ट राहत नाही. तिला नोंदणी, विमा, सीटबेल्ट आणि चालकाचा परवाना लागतो, आणि हे काही नसताना अपघात झाला तर घर विकण्याची वेळ येऊ शकते. साध्या कार्टलाही कायदा विम्याची सक्ती करत नाही, तरी तो घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरी येऊन नुसता ब्रेकर वर केला तरी आम्ही भेटीचे शुल्क घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराज झाले होते. त्या फेरीसाठीही तंत्रज्ञाचा तासभर जातो आणि त्या वेळी दुसरा कोणी बोगद्याजवळ बंद गाडीत बसून वाट पाहत असतो. म्हणून आम्हाला बोलावण्यापूर्वी ब्रेकर वर आहे ना, सॉकेटवरचे ‘रीसेट’ बटण दाबले ना, एवढे दोन्ही पाहून मग दूरध्वनी करावा.

भारतात जाणाऱ्यांसाठी आम्ही निघण्यापूर्वीची तपासणी ठेवली आहे. त्यात पाणी भरणे, टोके साफ करणे, बॅटऱ्या मोजणे, चार्जरचा प्रकार पाहून चिठ्ठी लावणे आणि टायरची हवा पाहणे हे सर्व येते. ज्यांच्या शेजारी कोणी नाही, त्यांच्या घरी आमचा माणूस महिन्यातून एकदा जाऊन गाडी पाहतो आणि चार्जरच्या दिव्याचे छायाचित्र आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो. डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत फार गर्दी होते, तेव्हा विमानाचे तिकीट काढले की त्याच दिवशी आम्हाला तारीख कळवावी. परत येण्याची तारीखही सांगून ठेवावी, म्हणजे आपण येण्याच्या आदल्या दिवशी गाडी एक फेरी मारून तयार ठेवता येईल.